चॉप सुईचा माग: अमेरिकन खाद्यसंस्कृतीवरच्या शोधनिबंधासाठी ग्रंथालयात काय आणि कसं शोधावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेतल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला इतिहासाच्या अभ्यासक्रमासाठी ‘अमेरिकन खाद्यसंस्कृती’वर १२ पानांचा शोधनिबंध लिहायचा आहे. ग्रंथालयातले किमान ८ संदर्भ हवेत आणि त्यांत ३ तरी प्राथमिक साधनं, म्हणजे त्या काळातलेच मूळ कागद, हवीत. हातात ६ आठवडे आहेत. कॅटलॉगमध्ये ‘अमेरिकन फूड कल्चर’ टाकलं की ढिगानं नोंदी येतात, पण कामाचं काही सापडत नाही.

अडचण शब्दांची आहे. ‘फूड कल्चर’ हा आज आपल्या तोंडी असलेला शब्द. ग्रंथपालांनी पुस्तकांना दिलेली विषयशीर्षकं वेगळी असतात, आणि १९०० साली बातमी लिहिणाऱ्या वार्ताहराचे शब्द त्याहून वेगळे. शोध घेताना या तिन्ही भाषा वापराव्या लागतात, आणि कुठे कोणती चालते हे एकदा कळलं की रिकाम्या हातानं परत येण्याची वेळ क्वचित येते.

पण त्याआधी विषय लहान करा. ‘अमेरिकन खाद्यसंस्कृती’ हा बारा पानांचा विषयच नाही. एक पदार्थ, एक शहर आणि वीस-तीस वर्षं एवढं ठरवा आणि त्यातून प्रश्न काढा. इथे उदाहरणादाखल चॉप सुई घेतो, म्हणजे मांस आणि भाज्यांचे तुकडे एकत्र परतून केलेला चिनी-अमेरिकन पदार्थ. १८८२ च्या कायद्यानं चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी केली, ती १९४३ पर्यंत टिकली. नेमक्या याच काळात न्यूयॉर्कमध्ये चिनी उपाहारगृहं पसरली आणि चॉप सुई घरोघरी माहीत झाली. बंदी असताना हे घडलं कसं? असा प्रश्न हातात असला की कोणता कागद उपयोगाचा आणि कोणता नाही हे लगेच ठरवता येतं. पदार्थ तुमच्या आवडीचा दुसरा घ्या, पद्धत हीच राहील.

आता ग्रंथपालांची भाषा, म्हणजे कॅटलॉगची. (खालचे सगळे शोधशब्द अर्थातच इंग्रजी लिपीत टाकायचे.) आधी साध्या शब्दांनी शोधा आणि एकच चांगलं पुस्तक गाठा. त्याची पूर्ण नोंद उघडा. तळाशी विषयशीर्षकं दिसतील, त्यांवर क्लिक करा. अमेरिकेतली बहुतेक कॉलेज ग्रंथालयं लायब्ररी ऑफ काँग्रेसची शीर्षकं वापरतात. खाण्याच्या सवयींसाठी ‘फूड हॅबिट्स – युनायटेड स्टेट्स – हिस्टरी’ हे शीर्षक आहे. पाककृतींसाठी ‘कुकिंग, अमेरिकन’, ‘कुकिंग, चायनीज’. एखाद्या समाजाच्या खाण्यासाठी समाजाचं नाव आणि पुढे ‘फूड’, म्हणजे ‘चायनीज अमेरिकन्स – फूड’. उलटी मांडणी आणि स्वल्पविराम यांची सवय करून घ्यावी लागते.

इथे हमखास फसवणारी एक गोष्ट आहे. २०१० पर्यंत ‘कुकिंग’च्या जागी ‘कुकरी’ हा शब्द होता. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं तो बदलला, पण सगळ्या ग्रंथालयांनी जुन्या नोंदी दुरुस्त केलेल्या नाहीत, आणि जुन्या छापील सूचींमध्ये तर ‘कुकरी’च आहे. दोन्ही शब्दांनी शोधा.

दुसरा गोंधळ कपाटांचा. एकाच विषयाची पुस्तकं चार मजल्यांवर विखुरलेली असतात, कारण वर्गीकरणाला खाणं हा एक विषय वाटत नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीत पाककृती टीएक्स विभागात येतात: अमेरिकन स्वयंपाक टीएक्स ७१५ ला, चिनी टीएक्स ७२४.५ ला, उपाहारगृहं टीएक्स ९४५ च्या आसपास. खाण्यापिण्याच्या रूढी मात्र जीटी २८५० ते २९६० मध्ये, अन्नउद्योग एचडी ९००० पासून पुढे, आणि चिनी-अमेरिकन समाजाचा इतिहास पार ई १८४ ला. ग्रंथालयात ड्यूई ही आकड्यांची वर्गीकरण-पद्धत असेल तर ६४१.५९७३, ३९४.१२ आणि ६४७.९५ ही तीन ठिकाणं पाहा. टीएक्सच्या कपाटासमोर उभं राहून ‘इथे नुसती पाककृतींची पुस्तकं आहेत’ म्हणून परत फिरणारे विद्यार्थी खूप. इतिहासाची पुस्तकं जीटी आणि ई मध्ये वाट पाहत असतात. कपाटाशी गेलात तर सापडलेल्या पुस्तकाच्या डावी-उजवीकडची दहा-दहा पुस्तकंही चाळा. अनुक्रमणिकेपेक्षा शेवटची सूची आणि टिपा आधी पाहा.

सुरुवातीचा आधार म्हणून ऑक्सफर्डचा अमेरिकेतल्या खाण्यापिण्यावरचा विश्वकोश घ्या. पहिली आवृत्ती २००४ ची, दुसरी २०१३ ची, शक्यतो दुसरी. त्यातली नोंद निबंधात उद्धृत करू नका, तिच्याखालची ग्रंथसूची मात्र उतरवून घ्या. मग त्यातल्या सर्वांत अलीकडच्या, विद्यापीठ-प्रकाशनाच्या पुस्तकाच्या तळटीपा वाचा. लेखकानं कोणतं वृत्तपत्र, कोणतं दप्तर, कोणत्या खोक्यातला कागद वापरला, ते तिथे लिहिलेलं असतं. हा मागचा माग झाला. पुढचा माग गूगल स्कॉलरवर मिळतो: त्याच पुस्तकाच्या नोंदीखालच्या ‘साइटेड बाय’वर क्लिक केलं की त्यानंतर कोणी त्याचा आधार घेतला हे दिसतं. पुस्तकावर किती विसंबावं हे ठरत नसेल तर संशोधनपत्रिकांतली त्याची दोन परीक्षणं वाचा. एकेक पानाची असतात आणि त्रुटी नेमक्या सांगतात.

लेखांसाठी पहिला डेटाबेस ‘अमेरिका: हिस्टरी अँड लाइफ’. यात लेख कोणत्या साली छापला गेला त्यापेक्षा तो कोणत्या काळाबद्दल आहे यावर शोध मर्यादित करता येतो. १८८० ते १९३० असा काळ टाकला की बाकीचं गळून जातं. जेस्टोर या संशोधनपत्रिकांच्या डिजिटल संग्रहात लेखांचा सगळा मजकूर शोधला जातो. त्यामुळे तिथे नुसते शब्द टाकले तर ‘चॉप सुई’चा एकदाच ओझरता उल्लेख असलेले लेखही वर येतात. शब्द अवतरणचिन्हांत टाका आणि सोबत ‘रेस्टॉरंट’ किंवा ‘एक्सक्लूजन’ असा दुसरा शब्द जोडा. दोन शब्द एकमेकांपासून पाच शब्दांच्या आत हवे असतील तर एब्स्को या डेटाबेस-सेवेत त्यांच्यामध्ये ‘एन५’ लिहायचं, प्रोक्वेस्ट या दुसऱ्या सेवेत ‘निअर/५’, आणि जेस्टोरमध्ये दोन्ही शब्द अवतरणात टाकून पुढे लहरी चिन्ह (~) आणि ५. एका ठिकाणचं चिन्ह दुसरीकडे चालत नाही, आणि चुकलं तर डेटाबेस तसं सांगतोच असं नाही, तो गुपचूप भलतेच निकाल देतो. खास खाद्य-अभ्यासाच्या पत्रिकांमध्ये ‘फूड अँड फूडवेज’, ‘फूड, कल्चर अँड सोसायटी’ आणि ‘गॅस्ट्रॉनॉमिका’ या तीन आवर्जून पाहा.

आता खरी मजा, प्राथमिक साधनं. इथे तिसरी भाषा लागते, त्या काळातली.

वृत्तपत्रांपासून सुरू करा. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा संग्रह मोफत आहे. ‘ब्रुकलिन डेली ईगल’चे १८४१ ते १९५५ चे अंक ब्रुकलिन पब्लिक लायब्ररीनं खुले केले आहेत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जुने अंक बहुतेक कॉलेजांना प्रोक्वेस्टवरून मिळतात. पण आजच्या स्पेलिंगनं शोधलंत तर सुरुवातीची वर्षं निसटतील. १८८४ साली वाँग चिन फू या पत्रकारानं ब्रुकलिनच्या याच दैनिकात चिनी खाण्यावर लिहिताना या पदार्थाला ‘चॉप सोली’ म्हटलं होतं. पुढे ‘सुई’चं स्पेलिंग कधी एस-यू-आय, कधी एस-ओ-ओ-वाय, कधी आधी ‘चाऊ’ जोडून. शिवाय जुन्या छपाईवरून यंत्रानं वाचलेल्या मजकुरात यू-चा एन होतो, ई-चा सी होतो. म्हणून पदार्थाच्या नावाऐवजी त्याच्या शेजारचे शब्द टाकून पाहा: ‘चायनीज’ आणि ‘रेस्टॉरंट’ दहा शब्दांच्या आत, एका वर्षापुरतं, एका शहरापुरतं. त्या काळच्या लिखाणात ‘चायनामन’, ‘ओरिएंटल’ असे आज अवमानकारक ठरणारे शब्द सर्रास आहेत. शोधताना ते टाकावे लागतात, निबंधात मात्र फक्त अवतरणात येऊ द्या.

उलट बाजूनंही फसगत होते. न्यू इंग्लंडमध्ये ‘अमेरिकन चॉप सुई’ म्हणजे मॅकरोनी, खिमा आणि टोमॅटो यांचा पदार्थ. नाव तेवढं सारखं. १९२० नंतरच्या घरगुती पाककृतींत हा वारंवार सापडतो. घटक वाचल्याशिवाय एकही कात्रण मोजू नका.

वृत्तपत्रांनी एक लोकप्रिय आख्यायिकाही मोडून निघते, आणि विद्यार्थ्याच्या निबंधासाठी हा फार सुंदर पाया आहे. चिनी मुत्सद्दी ली होंगझांग २८ ऑगस्ट १८९६ रोजी न्यूयॉर्कला आला आणि वॉल्डॉर्फ हॉटेलात उतरला. त्याच्या स्वयंपाक्यानं तिथे चॉप सुईचा शोध लावला, असं आजही शेकडो संकेतस्थळं सांगतात. सांबाराचं नाव संभाजी महाराजांवरून पडलं, असं आपल्याकडे सांगतात, त्याच जातीची ही गोष्ट. १८८४ च्या अंकात पदार्थाचा उल्लेख छापलेला असेल तर १८९६ मध्ये तो ‘शोधला’ कसा जाईल? तो ग्वांगडाँग प्रांतातल्या ताईशानकडच्या सरमिसळीच्या पदार्थावरून आला असावा, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. खाद्य-इतिहासात ‘अमक्यानं तमक्या दिवशी शोध लावला’ असं वाक्य दिसलं की त्या तारखेच्या आधीची दहा वर्षं वृत्तपत्रांत शोधायची, हा नियमच करून टाका.

बातम्या वाचताना लिहिणारा कोण हेही पाहा. चायनाटाऊनची वर्णनं बहुतेक गोऱ्या वार्ताहरांची आहेत, हौसेनं तिथे फेरफटका मारायला गेलेल्यांची. त्यातून चिनी स्वयंपाकी काय विचार करत होता हे कळत नाही. गिऱ्हाईक काय पाहायला येत होतं हे चांगलं कळतं. तेवढ्यासाठीच ती वापरा. दुसरी बाजू ‘चुंग साई यात पो’सारख्या, १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या चिनी दैनिकात आहे. चिनी वाचता येत नसेल तर त्यावर काम केलेल्या अभ्यासकांचे अनुवादित उतारे घ्या, आणि तळटीपेत तसं स्पष्ट लिहा.

मेन्यूकार्डं हे दुसरं साधन. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीकडे फ्रँक बटल्फ या बाईंनी १९०० पासून जमवलेली २५,००० हून जास्त मेन्यूकार्डं आहेत. २०११ पासून लोकांच्या मदतीनं त्यांतले पदार्थ आणि किमती टंकून घेतल्या गेल्या, आणि ती माहिती तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येते. एखादा पदार्थ कोणत्या सालापासून, काय भावानं दिसतो हे त्यातून काढता येतं. पण संग्रहाचा कल ओळखा: मोठी हॉटेलं, मेजवान्या, जहाजं, रेल्वे. गल्लीतल्या स्वस्त खानावळीचं कार्ड जपून ठेवायला कोणाकडे वेळ होता? म्हणून ‘१९०५ च्या मेन्यूंत चॉप सुई कमी दिसते’ याचा अर्थ ती कमी खाल्ली जात होती असा होत नाही. एकच पदार्थ वेगवेगळ्या स्पेलिंगनं वेगळ्या ओळींत नोंदलेला असतो, तेव्हा मोजणीआधी ओळी एकत्र करा. चिनी उपाहारगृहांच्या मेन्यूंचा स्वतंत्र मोठा संग्रह टोरोंटो विद्यापीठाच्या स्कारबरो शाखेच्या ग्रंथालयात आहे.

पाकपुस्तकं सगळ्यांत सहज मिळतात आणि सगळ्यांत चुकीची वापरली जातात. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या ‘फीडिंग अमेरिका’ प्रकल्पात ७६ जुनी पुस्तकं पूर्ण वाचायला मिळतात; बाकीची हाथीट्रस्ट आणि इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयांवर. पाकपुस्तक सांगतं की कोणी, कोणासाठी, काय रांधावं असं सुचवलं. घरात प्रत्यक्ष काय शिजलं याचा तो पुरावा नव्हे. १९१४ साली शिकागोत छापलेलं चिनी-जपानी पाकपुस्तक पाहा. मुखपृष्ठावर ओनोटो वटाना हे जपानी वाटणारं नाव आहे. ते विनिफ्रेड ईटनचं टोपणनाव. तिची आई चिनी, वडील इंग्रज, आणि सहलेखिका सारा बॉसी ही तिची बहीण. चिनी लोकांविरुद्ध कायदे असताना एका चिनी आईच्या मुलीनं जपानी नावानं अमेरिकन गृहिणीला चिनी स्वयंपाक शिकवला. तुमच्या निबंधाचं एक अख्खं पान यातून उभं राहतं, पण मुखपृष्ठावरचं नाव तसंच्या तसं खरं मानलंत तर हे सगळं हातचं जाईल.

आवृत्तीचं साल दोनदा तपासा. अमीलिया सिमन्सचं पाकपुस्तक १७९६ चं, हार्टफर्डला छापलेलं. पण कॅटलॉगमध्ये त्याच्या विसाव्या शतकातल्या पुनर्मुद्रणांच्या तारखा दिसतात. फॅनी फार्मरचं बोस्टनचं पुस्तक १८९६ चं, पण पुढच्या आवृत्त्यांत पाककृती बदलत गेल्या. हातातली प्रत १९२३ ची असेल तर तिच्यावरून १८९६ बद्दल विधान करता येणार नाही. आणि ‘सर्वांत पहिलं’ हे विशेषण जपून वापरा. आफ्रिकन-अमेरिकन लेखिकेचं पहिलं पाकपुस्तक म्हणून अॅबी फिशरचं १८८१ चं पुस्तक सांगितलं जात असे; मग मलिंडा रसेलचं १८६६ चं पुस्तक उजेडात आलं, ज्याची ज्ञात असलेली मूळ प्रत मिशिगन विद्यापीठाकडे आहे.

आता बंदीच्या प्रश्नाचं खरं उत्तर जिथे आहे ते साधन: राष्ट्रीय अभिलेखागारातली चिनी बंदी कायद्याची प्रकरणं, नोंदसमूह ८५. कायदा मजुरांना अडवत होता, व्यापाऱ्यांना नाही. १८९३ च्या दुरुस्तीनुसार, बाहेर जाऊन परत येणाऱ्या चिनी व्यापाऱ्याला आपण व्यापारीच आहोत हे दोन बिगरचिनी साक्षीदारांकरवी सिद्ध करावं लागे. १९१५ च्या न्यायालयीन निर्णयानंतर उपाहारगृहाच्या मालकालाही व्यापारी म्हणून हा मार्ग खुला झाला. त्यामुळे या फायलींत भागीदारांच्या याद्या, गुंतवणुकीच्या रकमा, जागेचं वर्णन, प्रश्नोत्तरांच्या जबान्या असा ऐवज आहे. जेवणाबद्दल अवाक्षर नसलेला हा सरकारी कागद चॉप सुईबद्दल सगळ्यांत जास्त सांगतो. शोध मात्र पदार्थाच्या नावानं लागत नाही. व्यक्तीचं किंवा दुकानाचं नाव हवं. ते शहराच्या जुन्या डिरेक्टरीतून काढा आणि जागा सॅनबॉर्न कंपनीच्या विमा-नकाशांवर पडताळा. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ते मोठ्या प्रमाणावर खुले केले आहेत. मग अभिलेखागाराच्या संबंधित शहरातल्या शाखेला ईमेल करा. उत्तराला आणि प्रतींना आठवडे लागतात, म्हणून हे पत्र पहिल्याच आठवड्यात जायला हवं. सहाव्या आठवड्यात पाठवलेलं पत्र पुढच्या सत्राच्या कामाचं.

आकडेवारी हवी असेल तर कृषी खात्याची दरडोई अन्न-उपलब्धतेची मालिका बऱ्याच जिनसांसाठी १९०९ पासून मिळते. ‘उपलब्ध’ म्हणजे ‘खाल्लेलं’ नव्हे; नासाडी त्यातच आहे. निबंधात शब्द तोच ठेवा.

आपल्या कॉलेजात नसलेलं पुस्तक आंतरग्रंथालयीन देवघेवीनं येतं. लेख बहुधा काही दिवसांत स्कॅन होऊन मिळतो, पुस्तकाला एक-दोन आठवडे धरा. दुर्मिळ प्रत प्रवास करत नाही. हवी ती पानं नेमकी सांगून स्कॅन मागा. हाथीट्रस्टवर पुस्तक बंद असलं तरी आतला शब्द कोणत्या पानांवर आहे ते दिसतं, म्हणजे पान क्रमांक आयता मिळतो. अमेरिकेत छापलेलं पुस्तक प्रकाशनाचं ९५ वं वर्ष संपलं की सर्वांसाठी खुलं होतं, हा हिशेब विषयाची वर्षं निवडतानाच डोक्यात असू द्या.

हस्तलिखितं आणि खासगी कागद कुठे आहेत हे ‘आर्काइव्हग्रिड’वर कळतं. हार्वर्डचं श्लेसिंजर ग्रंथालय, न्यूयॉर्क विद्यापीठाचा खाद्य-अभ्यास संग्रह, आयोवा विद्यापीठातला सॅटमरी संग्रह ही मोठी ठिकाणं. पेशवे दफ्तरात जसे रुमाल, तसे इथे खोके आणि त्यात क्रमांकाचे फोल्डर. आधी मार्गदर्शक यादी वाचा, खोके क्रमांकानं मागवा, जाण्याआधी वेळ ठरवा. आत फक्त पेन्सिल चालते.

विषय आपल्या माणसांच्या जवळचा हवा असेल तर तोही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात गेलेल्या पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्नं केली. त्या घरांतल्या ताटावर चांगलं संशोधन झालेलं आहे, आणि साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्हमध्ये अशा स्थलांतराचे कागद खुले आहेत. अमेरिकेतल्या मराठी स्वयंपाकावर मात्र ग्रंथालयात फारसं हाती लागणार नाही. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांच्या स्मरणिका आणि स्थानिक मंडळांची पत्रकं कॅटलॉगपेक्षा घरांच्या कपाटांत जास्त आहेत. चांगली स्मरणिका मिळाली तर तिची एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात देण्याबद्दल विशेष संग्रहाच्या ग्रंथपालांशी जरूर बोला. पुढच्याला ती शोधायला लागू नये.

ग्रंथपालांकडे जाल तेव्हा ‘मला फूडवर काहीतरी हवंय’ म्हणू नका. एका वाक्यात प्रश्न, वापरून पाहिलेले शोधशब्द आणि सापडलेली दोन-तीन उत्तम साधनं कागदावर घेऊन जा. बहुतेक कॉलेजांत इतिहासाचा वेगळा ग्रंथपाल असतो, आणि त्याच्यासोबतची अर्ध्या तासाची बैठक तुमचे दोन दिवस वाचवते. शोधाची वहीही ठेवा: तारीख, डेटाबेस, नेमके शब्द, किती निकाल. तिसऱ्या आठवड्यात तोच शोध पुन्हा करण्याची वेळ येते तेव्हा तिची किंमत कळते.

उद्धृत करताना मेन्यूकार्डासाठी उपाहारगृहाचं नाव, शहर, तारीख, संग्रहाचं नाव आणि ग्रंथालय. अभिलेखागारातल्या कागदासाठी प्रकरणाचा क्रमांक, नोंदसमूह आणि शाखा. आणि वृत्तपत्रासाठी तारीख, पान, रकाना. हे सगळं कागद समोर असतानाच लिहून घ्या. कार्डाच्या फोटोत पाठची बाजू घ्यायला विसरू नका, कारण तारखेचा शिक्का पुष्कळदा तिथेच असतो.